झीज पाहून मोल

चामडकामाची जुनी हत्यारं विकायला निघतात, तेव्हा विकणारा सहसा ती वापरलेला माणूस नसतो. वडील गेलेले असतात, मुलगा बँकेत नाहीतर कुठल्या कंपनीत लागलेला असतो, दुकानाची जागा नव्या इमारतीखाली जाणार असते आणि पोटमाळ्यावरची पत्र्याची पेटी घरात कुणालाच नको असते. पेटीतल्या निम्म्या वस्तूंची नावंही विकणाऱ्याला ठाऊक नसतात. मग तो नग मोजतो. "शंभराच्या वर पीस आहेत, सगळे मिळून काय ते द्या." घेणाराही हल्ली बहुधा नवखाच असतो. घरच्या घरी पाकिटं, पट्टे, वह्यांची वेष्टनं शिवणारी हौशी मंडळी शहरांतून वाढली आहेत. चांगली नवी हत्यारं बाहेरून मागवायची तर हात पोळतो, म्हणून जुन्या लॉटचा मोह पडतो. दोन्हीकडे अर्धीमुर्धी माहिती आणि मधे गंजक्या लोखंडाचा ढीग, असा हा व्यवहार.

या व्यवहारात नगांची संख्या सर्वांत कुचकामाची. शंभरातले साठ नग म्हणजे बटणं बसवायचे पंच, एकाच आकाराचे चार-चार ठसे, मोडक्या आऱ्या आणि कशाचे तरी सुटे भाग असतात. किंमत असते ती पाच-सात वस्तूंना. त्या हुडकायच्या कशा? झीज बघून. चामडं कापायच्या ज्या रापीला धार लावता लावता ती अर्ध्यावर आली, तिचं पोलाद धन्याच्या पसंतीचं होतं. वाईट पोलाद घासण्यात कुणी कारागीर वीस वर्षं घालवत नाही. उलट जुन्या पेटीत एखादं हत्यार अगदी कोरं दिसलं तर सावध व्हावं. इतकी वर्षं हाताशी असून ते वापरलं गेलं नाही, म्हणजे एक तर ते कामाचं नव्हतं, किंवा धन्याच्या कामात त्याची गरज नव्हती. नवखं गिऱ्हाईक नेमकं उलटं करतं. चकचकीत ते उचलतं आणि झिजलेलं बाजूला सारतं.

म्हणून भाव विचारण्याआधी पेटी कुणाची होती ते ओळखावं. चामड्याचं काम हा काही एकच धंदा नाही. खोगीर आणि घोड्याचा साज करणारा, जोडे बांधणारा, चपला करणारा, पुस्तकं बांधणारा आणि चामड्यावर नक्षी उठवणारा, या पाचजणांच्या पेट्यांत एकमेकांशी जुळणारी हत्यारं थोडीच सापडतील.

हौशी माणसाला सर्वांत उपयोगाची पेटी खोगीरवाल्याची, कारण पट्टा, पिशवी, पाकीट हे त्याच घराण्यातलं काम. तिच्यात सरळ पात्याची आरी असते. पात्याचा छेद शंकरपाळ्यासारखा, चार कोनांचा. कोन तीक्ष्ण असले तर चामड्यात तिरकी चीर पडते आणि तीत टाका नीट बसतो. शिवाय दातेरी छिन्न्या असतात, टाक्यांच्या जागा सारख्या अंतरावर उमटवायला. त्यांवर इंचाला सात, आठ, नऊ असे आकडे कोरलेले दिसतील. गुडघ्यांत धरून चामडं आवळायचा लाकडी चिमटा असतो, पट्टे कापायचा सरकता मोजपट्टीवाला नांगर असतो आणि नशीब असलं तर अर्धचंद्राकृती सुरी. ही सुरी फार जुनी. इजिप्तमध्ये थीब्जला रेखमिरे नावाच्या वजिराची इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकातली कबर आहे. तिच्या भिंतींवर चामडं कापणारे कारागीर रंगवलेले आहेत आणि त्यांच्या हातात याच आकाराचं पातं आहे. इतक्या काळात तिच्यात सुधारणा करावी असं कुणाला फारसं वाटलेलं नाही.

जोडेवाल्याची पेटी वेगळी. त्याची आरी वाकडी, कारण त्याला तळ आणि वरचं चामडं कडेने वळवून शिवायचं असतं. त्याच्याकडे पसरट गोल तोंडाची हातोडी असते, चामडं पायाच्या आकाराच्या फर्म्यावर ओढून बसवायची चिमट्यासारखी पक्कड असते (तिच्या जबड्यालाच खाली हातोडीसारखा ठोकळा), तीन पायांची लोखंडी ऐरण आणि गोणभर फर्मे. बूट बांधायचे नसतील तर यातलं हातोडी-पक्कड सोडून फारसं काही घेण्यात अर्थ नाही.

आपल्या रस्त्यावरच्या मोच्याची आरी आणखी निराळी. तिच्या टोकाशी बारीक हुक असतो. आरी वरून खाली घुसवायची, खालचा दोरा हुकात पकडून फास वर ओढायचा आणि त्या फासातून दुसरा दोरा घालून आवळायचा. शिवण भराभर होते. कच्छच्या मोच्यांनी हीच हुकाची आरी बारीक करून रेशमावर चालवली आणि त्यातून आरी भरतकाम उभं राहिलं. आज लग्नाच्या ब्लाउजवर ज्या 'आरी वर्क'चे हजारो रुपये मोजले जातात, ते मुळात चांभारी हत्याराचं काम आहे. लॉटमध्ये या आऱ्या ढिगाने मिळतात. त्या स्वस्त आणि चांगल्या असतात. मात्र दोन सुयांनी खोगीर-टाका घालणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही.

पितळेचे नाजूक ठसे लाकडी मुठींना बसवलेले दिसले तर ती पेटी पुस्तकबांधणीवाल्याची. ते ठसे तापवून, सोन्याच्या वर्खावर हाताने दाबायचे असतात. त्यांच्यावर हातोडी मारणारा माणूस एका दुपारीत आख्खा संच चेपवू शकतो.

नावांबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण जुन्या हत्यारावर कोरलेलं इंग्रजी नाव दिसलं की विकणाऱ्याचा आवाज चढतो. इंग्लंडमधलं वॉल्सॉल हे गाव खोगिरांचं. तिथल्या फुटबॉल संघालाही 'सॅडलर्स' म्हणजे खोगीरवाले असंच टोपणनाव आहे. तिथे १८३९ मध्ये जोसेफ डिक्सन ही हत्यारं करणारी कंपनी सुरू झाली. शेफील्डला १८३६ पासून जॉर्ज बार्न्स्ली यांची कंपनी, मुख्यतः जोडेवाल्यांच्या हत्यारांसाठी नावाजलेली. अमेरिकेत न्यू जर्सीची सी. एस. ऑस्बोर्न १८२६ची. ब्रिटिश अमदानीत कानपूरला लष्करासाठी साज-खोगिरांचा सरकारी कारखाना निघाला होता आणि छावण्यांच्या गावांतही खोगीरकाम होतं; त्यामुळे ही नावं आपल्याकडच्या जुन्या बाजारात अधूनमधून दिसली तर नवल नाही. पण नाव पाहून पैसे मोजण्याआधी एवढं लक्षात घ्यावं की डिक्सनच्या छिन्नीचा एक दात मोडला की ती छिन्नी गेली. बाकीचे दात शाबूत असले तरी टाक्यांची ओळ तिथे लंगडी पडणार. दात मोडलेल्या नावाजलेल्या छिन्नीपेक्षा बिननावाची धड छिन्नी केव्हाही बरी.

आता लोखंड तपासण्याकडे येऊ. गंजाची धास्ती लोक नको तितकी घेतात. वरवरचा तांबूस गंज रॉकेल आणि बारीक स्टील वूलने तासाभरात निघतो. खरी भीती खड्ड्यांची. गंज उतरल्यावर धातूत टाचणीच्या डोक्याएवढे काळे खड्डे राहिले आणि ते धारेच्या जवळ असले, तर दर वेळी धार लावताना त्यातला एखादा कडेवर येतो आणि तिथे धारेला दात पडतो. मुठीकडे कितीही खड्डे असोत, त्यांनी काही बिघडत नाही. म्हणून फोटो मागवायचे तर पेटीचे मागवू नयेत, धारांचे मागवावेत, उन्हात तिरपे धरून काढलेले. हत्यारं कुठे ठेवली होती हेही विचारावं. कोकणपट्टीत किंवा मुंबईत चार पावसाळे उघड्यावर काढलेलं पोलाद आणि सोलापूरकडच्या कोरड्या हवेत तेवढीच वर्षं पडून राहिलेलं पोलाद यांत फार फरक पडतो. गंमत अशी, की हत्यारं जपायची म्हणून कुणी ती चामड्याच्या म्यानात ठेवली असतील, तर तीच जास्त खराब झालेली निघतात. झाडाच्या सालीवर कमावलेलं चामडं आम्लधर्मी असतं, शिवाय हवेतला ओलावा धरतं. म्यानाच्या आत पातं निवांत खाल्लं जातं.

गंजाहून वाईट दोष डोळ्यांना सुंदर दिसतो. कुणीतरी धार लावायला पातं ग्राइंडरवर धरलेलं असतं आणि धारेशी निळसर-जांभळी झाक आलेली असते. पोलादाला पाणी देताना आधी ते कडक करतात आणि मग हलकं तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. साध्या कार्बन पोलादावर साधारण २३० अंश सेल्सिअसला वाळल्या गवताचा पिवळा रंग येतो, ३००च्या आसपास निळा. कापायच्या धारेला पिवळ्याच्या आसपास थांबलेलं पोलाद हवं. धार निळी झाली म्हणजे पाणी उतरलं. आता ती लागेलही चटकन आणि जाईलही चटकन. तेवढा निळा भाग घासून काढला की खालचं पोलाद पुन्हा चांगलं मिळतं, पण मग पात्याची लांबी तेवढी कमी धरून भाव करावा. शंका असली तर खिशात एक छोटी कानस ठेवावी. धारेच्या बाजूला, कोपऱ्यात, हलकीशी फिरवावी. कानस घसरली तर पाणी आहे. कानस लोखंडात रुतली तर ते दाखवायचं हत्यार आहे.

निळ्या धारेच्या या नियमाला एक अपवाद आहे आणि तो आपल्याकडे नेहमी भेटतो. आपल्या कारागिरांच्या रापी पुष्कळदा कारखान्यातल्या मोठ्या हॅकसॉच्या जुन्या पात्यांपासून केलेल्या असतात. ते पोलाद हायस्पीड जातीचं असेल तर थोडाफार निळा रंग येऊनही त्याचं पाणी उतरत नाही. अशी रापी दिसायला ओबडधोबड, मुठीला चिंधी किंवा सायकलची ट्यूब गुंडाळलेली, एखाद्या बाजूला करवतीचे दात अजून शिल्लक. नवखा तिला भंगारात टाकतो. वास्तविक पेटीतली सर्वांत टिकाऊ धार बहुधा तिचीच असते.

भोकं पाडायच्या पंचांची तपासणी सोपी. नळीच्या तोंडात बघावं. धार नेहमी बाहेरच्या बाजूने घासलेली असते. आतून कुणी कानस घातली असेल तर भोकाचा आकार बिघडलेला असतो आणि पाडलेला तुकडा आतच अडकून बसतो. डोकं हातोडीने ठेचून कमळासारखं पसरलं असेल तर समजावं की धन्याने लाकडी मोगरीऐवजी लोखंडी हातोडी वापरली. हा पुरावा त्या एका पंचापुरता नसतो. असा माणूस आपल्या छिन्न्या आणि ठसेही तसेच वागवतो, म्हणून त्या लॉटमधली प्रत्येक ठोकायची वस्तू मग दुप्पट बारकाईने बघावी. जुन्या पेटीत कधी मऊ, जड, करड्या धातूचा ठोकळा सापडतो, भोकांच्या खुणांनी भरलेला. ते शिसं आहे. पंचाची धार बोथट होऊ नये म्हणून पूर्वी खाली शिसं घेत. ते घरात, विशेषतः मुलांच्या हाताशी, ठेवू नये. लाकडाचा आडवा कापलेला ठोकळा किंवा जाड प्लॅस्टिकची पाटी तेच काम करते.

नक्षीचे ठसे हा अमेरिकेचा प्रांत. १९१९ मध्ये टेक्ससच्या फोर्ट वर्थ गावात हिंकली आणि टँडी या दोघांनी चांभारांना सामान पुरवणारं दुकान काढलं. दुसऱ्या महायुद्धानंतर इस्पितळांतून बरे होणाऱ्या सैनिकांना हाताला काम म्हणून चामड्यावर नक्षी काढायला देत. तिथून हा छंद पसरला आणि टँडीचं दुकान घरोघरच्या हौशी लोकांचं दुकान झालं. 'क्राफ्टूल' छापाच्या ठशांच्या दांड्यावर अक्षर आणि आकडा असतो: बी म्हणजे कडा उतरती करणारे, ए म्हणजे पार्श्वभूमी दाबणारे, पी म्हणजे छटा देणारे, व्ही म्हणजे शिरा उमटवणारे, एक्स म्हणजे टोपलीची वीण. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या ठशांवर नुसता आकडा असे, अक्षर नसे, आणि संग्राहक त्या जुन्यांना जास्त भाव देतात. आपल्याकडे असे ठसे येतात ते बहुधा परदेशातून परतलेल्या कुणाच्या तरी सामानात.

ठसे बघायला जाताना खिशात एक लोहचुंबक आणि कणकेचा घट्ट गोळा ठेवावा. चुंबक चिकटला तर आत पोलाद आहे. चिकटला नाही आणि पितळेचा पिवळा रंगही नाही, तर जस्ताच्या मिश्रणाचं ओतकाम असण्याचा संभव मोठा; त्याच्या रेषा बोथट असतात आणि दांडा वाकतो. मग ठसा कणकेवर दाबावा. तोंडाला चिरा, उडालेला मुलामा, घासलेली रेघ जे काही असेल ते कणकेत लगेच दिसतं, डोळ्यांना दिसत नाही. विकणारा थोडं हसेल, हसू द्यावं. आणि आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: आपण नक्षी काढणार आहोत का? ओल्या चामड्यावर ठसा उमटून राहतो तो सालीवर कमावलेल्या चामड्यातच. बाजारातल्या बहुतेक पर्सेस आणि जॅकेटांचं मऊ चामडं क्रोमवर कमावलेलं असतं, त्यावर ठसा मारला की थोड्या वेळाने पुसट होतो. साधी पाकिटं शिवणाऱ्याने दोनशे ठशांचा लॉट घेणं म्हणजे निव्वळ पसारा.

लाकडी फर्म्यांबद्दल थोडक्यात. जोडी आहे का ते पाहावं. डावे बारा आणि उजवे नऊ असा संच सर्रास मिळतो. बारीक गोल भोकं आणि खाली पिवळसर भुकटी दिसली तर घूण लागली आहे, ती पेटी घरच्या फर्निचरजवळ आणू नये. तळाला खिळ्यांची भोकं असतात ती कामाची, त्यांना घाबरू नये. आकडे वाचताना लक्षात घ्यावं की इंग्रजी मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, सुमारे साडेआठ मिलिमीटर, आणि युरोपीय मापात सेंटिमीटरचे दोन तृतीयांश. एकाच गोणीत दोन्ही मापं मिसळलेली असू शकतात. कोल्हापुरीला फर्मा लागत नाही, तळाचा नमुना पुरतो. त्यामुळे "कोल्हापुरीचे जुने फर्मे" म्हणून कुणी शोभेच्या वस्तू विकत असेल तर हसून पुढे जावं.

आता मशीन. लॉटमध्ये मशीन असलं की भावाचा निम्मा भाग तेच खातं, आणि फसवणूकही तिथेच होते, मुद्दाम किंवा अजाणता. पहिली फसगत म्हणजे घरगुती काळं शिलाई मशीन 'चामड्याचं मशीन' म्हणून खपवणं. त्यावर पातळ मेंढीचं चामडं दोन पदरी शिवून दाखवता येतं. तिसरा पदर आला की सुई वाकते. पट्ट्याच्या जाडीचं चामडं सोबत न्यावं आणि डोळ्यांसमोर शिवून मागावं.

खरं जुनं, आजही चालणारं मशीन म्हणजे सिंगरचं २९ जातीचं, चांभारी दुरुस्तीचं. लांब निमुळता हात पुढे आलेला, बूट त्याच्यावर चढवता येईल असा. बाजूला किंवा मागे हाताने फिरवायचं चाक. खासियत त्याच्या दाबपायात: तो वर्तुळात पूर्ण फिरतो आणि चामड्याला वरून पकडून ज्या दिशेला वळवाल तिकडे सरकवतो. म्हणून बुटाच्या कुशीत शिरून कुठल्याही बाजूला ठिगळ शिवता येतं. '२९ के' असं लिहिलेलं असेल तर ते स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या किलबोवी कारखान्याचं. तो कारखाना १९८०मध्ये बंद झाला. म्हणजे नव्यात नवं अस्सल '२९ के' आज चाळिशी ओलांडून गेलेलं आहे. त्यात वाईट काही नाही. मशीन साधं आहे, उघडलं की सगळं डोळ्यांना दिसतं.

पण इथेही झीजच बघायची, फक्त अर्थ उलटा घ्यायचा. पात्याची झीज चांगल्या पोलादाची साक्ष देते. मशीनची झीज म्हणजे सरळ खर्च. या मशीनचा नेहमीचा आजार असा की टाका लहान होत जातो. दाबपाय पुढेमागे ढकलणारी कोनातली तरफ आणि तिच्याशी घासणारे भाग वर्षानुवर्षांच्या चालीने झिजतात, मधे ढिलाई येते, आणि टाक्याचा स्क्रू अगदी टोकाला नेला तरी टाका बारीकच पडतो. चाचणी सोपी: टाका सर्वांत मोठा ठेवून एक इंच शिवावं आणि टाके मोजावेत. मग दाबपाय उलटा फिरवून परत तेवढंच शिवावं. एका दिशेला पाच आणि दुसऱ्या दिशेला नऊ आले तर दुरुस्ती ठरलेली. त्यानंतर सुईचा दांडा बोटांत धरून हलवून बघावा. हाताच्या आत बॉबिनकडे जाणाऱ्या दातेरी पट्टीत खडखड आहे का ते चाक किंचित पुढेमागे करून ऐकावं. बॉबिन या मशीनची फार लहान असते. काही प्रकारांत मोठी बॉबिन मिळते, ती असली तर दोन पैसे जास्त देण्यात काही गैर नाही. सुई २९ बाय ३ जातीची लागते, किंवा चामडं चिरत जाणाऱ्या टोकाची २९ बाय ४. विकणाऱ्याकडे सुयांचं जुनं पाकीट असेल तर ते लॉटसोबत मागून घ्यावं. चुकीची सुई लावून "मशीन टाके सोडतं" म्हणून कितीतरी धड मशीनं भंगारात गेली आहेत.

एक मात्र सांगायला हवं. या मशीनवर जाड पट्टा किंवा खोगीर शिवायची अपेक्षा ठेवू नये. ते दुरुस्तीचं यंत्र आहे, त्याचा दोरा त्या मानाने बारीक आणि टाका आखूड. पट्ट्याला हातचा दोन सुयांचा टाकाच चांगला: तिथे दोन्ही दोरे प्रत्येक भोकातून आरपार जातात आणि एक तुटला तरी दुसरा शिवण धरून ठेवतो. मशीनच्या टाक्यात वरचा दोरा घासून तुटला की ओळ उसवत जाते.

चामड्याच्या कडा पातळ करायचं मशीन लॉटमध्ये असेल तर आतलं घंटेच्या आकाराचं पातं किती उरलं आहे तेवढं मोजावं. ते दर धारेला आखूड होतं. संपत आलेलं असेल तर नव्या पात्याची किंमत भावातून वजा करावी. चपलांचे तळ कापायचे जुने डाय म्हणजे दुसऱ्याच्या मापाचे, दुसऱ्याच्या फॅशनचे. त्यांना लोखंडाच्या भावाखेरीज भाव नाही.

"सोबत चामडंही देतो" हे लॉटमधलं सर्वांत गोड आमिष. जुने रंग, सुकलेली सरसं, डब्यातली द्रावणं यांची किंमत शून्य धरावी. चामड्याचा काप आडवा बघावा: आतून निळसर-करडा दिसला तर क्रोमचं असण्याचा संभव मोठा, तपकिरी असेल तर बहुधा सालीवरचं. रंगवलेल्या चामड्यात कापावरून कळलं नाही तर छोटी चिंधी उकळत्या पाण्यात टाकावी. सालीवर कमावलेली चटकन आक्रसून कडक होते, क्रोमची बरीचशी तशीच राहते. दुमडल्यावर चिरा पडणारं चामडं तेल लावून सुधारेल ही आशा सोडून द्यावी.

भाव ठरवताना मी सगळा ढीग तीन भागांत करायला सांगेन, आणि विकणाऱ्यासमोरच करायला सांगेन: आज वापरता येईल ते, मेहनतीने वापरता येईल ते, आणि भंगार. पहिल्या ढिगाची किंमत नव्या वस्तूच्या निम्म्याच्या आसपास, दुसऱ्याची त्याच्या निम्मी, तिसऱ्याची वजनावर. हा काही बाजाराचा नियम नाही, पण घासाघीस कशावर चालली आहे ते दोघांनाही कळतं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवारी किंवा मुंबईच्या चोर बाजारात सुटी हत्यारं मिळतात तेव्हा एवढा खल करायला वेळ नसतो. घराच्या पेटीतून थेट घेताना तो असतो आणि घ्यावा.

महाराष्ट्रात या घासाघिशीला आणखी एक पदर आहे. रापी आणि आरी ही आपल्याकडे पिढ्यानपिढ्या जातीची खूण म्हणून पाहिली गेली. संत रोहिदासांच्या तसबिरीत ती सन्मानाने असतात, पण गावात ती हातात असल्यामुळे माणसाला ओट्याबाहेर बसवलं गेलं, हेही तितकंच खरं. तीच हत्यारं आता शहरात 'लेदरक्राफ्ट' म्हणून हौसेची झाली आहेत. २०१९मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या कंपनीने तशाच चपला दाखवल्या तेव्हा देशभर गदारोळ झाला. यातून चपला बांधणाऱ्याच्या मुलाने वडिलांची पेटी जपून ठेवावी असं आपल्याला वाटणं सोपं आहे. त्याने ती विकून टाकायचं ठरवलं असेल तर त्याला वारशाचं व्याख्यान देऊ नये, आणि भंगाराच्या भावातही ती उचलू नये. रीतसर भाव द्यावा.

आणि पेटीचा धनी जर हयात असेल, तर सौदा हत्यारांपुरता ठेवू नये. त्याच्या तासाभराचेही पैसे द्यावेत आणि रापी कशी धरायची, निसण्यावर कोणत्या कोनात फिरवायची, ते त्याच्या हातून बघून घ्यावं. रापीची धार एका बाजूला जास्त झिजलेली का, हे त्याच्या मनगटाकडे पाहिल्यावर कळतं. तो डावखुरा असेल तर त्याची काही हत्यारं तुम्हाला कधीच नीट बसणार नाहीत, तेही तिथेच कळेल.

घरी आणल्यावर घाई करू नये. गंज जास्त असेल तर पाण्यात थोडं सायट्रिक आम्ल घालून हत्यार काही तास बुडवून ठेवावं, काढल्यावर सोड्याच्या पाण्यात धुवावं, लगेच कोरडं करून तेल लावावं. ओलं तसंच ठेवलं तर डोळ्यांदेखत पुन्हा लाल होतं. ग्राइंडर लावायचाच झाला तर पातं दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवावं. कड गोल करायच्या हत्याराच्या खोबणीत निसणा जात नाही. तिथे मेणचट पॉलिश लावलेली जाड दोरी ताणून, हत्यार तिच्यावरून ओढत धार काढतात. लाकडी मुठींना जवसाचं तेल उत्तम, पण ते पुसलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि अशी चिंधी आपसूक पेट घेऊ शकते. ती पसरून वाळवावी किंवा पाण्यात भिजवून टाकावी.

मग उरतो तो पसारा. हुकाच्या आऱ्या कोपऱ्यावरच्या मोच्याला लागतात, पितळी ठसे बांधणीवाल्याला, फर्म्यांची धड जोडी बूट बांधणाऱ्याला, आणि डाय भंगारवाल्याला वजनावर. असं वाटून-विकून झालं की पुष्कळदा लॉटचा बराचसा पैसा परत येतो आणि बाकावर उरतात एक रापी, दोन आऱ्या, चार पंच, एखादी दातेरी छिन्नी आणि एक मोगरी. एवढ्यात पट्टा होतो, पाकीटही होतं.